काळा, पिवळा, चॉकलेटी : लॅब्राडॉरच्या रंगाविषयीचे गैरसमज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की पहिला प्रश्न कोणता निघतो? त्याला ठेवायचं कुठे, सकाळ-संध्याकाळ फिरवायचं कुणी, सुट्टीत गावी जाताना सोपवायचं कुणाकडे, हे प्रश्न पुढे कधीतरी येतात. पहिला प्रश्न असतो रंगाचा. ‘गोल्डन मिळेल ना?’ ‘काळा नको हं, आईंना चालणार नाही.’ ‘चॉकलेटी असेल तर थोडे जास्त पैसे देऊ.’ मी पशुवैद्य आहे आणि पिल्लू घेण्याआधी सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांचं बोलणं असंच सुरू होतं. पिल्लू घेतल्यानंतर येणाऱ्यांचे प्रश्न मात्र वेगळे असतात. कुणाच्या कुत्र्याला खाज असते, कुणाचे कान वाहत असतात, कुणी लंगडत असतो, कुणाचं वजन हाताबाहेर गेलेलं असतं. रंगाचा विषय तोवर मागे पडलेला असतो.

कामोठ्यात सकाळी सहा-साडेसहाला एक चक्कर मारा. सिडकोने आखलेले सेक्टर, दोन्ही बाजूंना सोसायट्या, मानसरोवर स्टेशनकडे लगबगीने निघालेली माणसं आणि त्यांच्या उलट दिशेने मालकाला ओढत नेणारा एखादा लॅब्राडॉर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने विकत घेतलेल्या जातिवंत कुत्र्यांमध्ये लॅब्राडॉर हमखास दिसतो. स्वभावाने मवाळ, मुलांमध्ये रमणारा, शिकवलेलं पटकन शिकणारा आणि खाण्याच्या बाबतीत अजिबात नखरे नसलेला. एवढे गुण असताना आपण त्याची निवड त्याच्या केसांच्या रंगावरून करतो. म्हणून आज या रंगाविषयीच बोलू. कारण या समजुतींपायी माणसांचे पैसे जातात, आणि कुत्र्यांना त्याहून बरंच काही सोसावं लागतं.

सुरुवात करू ‘गोल्डन’पासून. ‘गोल्डन लॅब्राडॉर’ नावाची वेगळी जात नाही. लॅब्राडॉर रिट्रीव्हर या जातीच्या प्रमाणकात तीनच रंग सांगितले आहेत : काळा, पिवळा आणि चॉकलेटी. दुधावरच्या सायीसारख्या फिकट छटेपासून कोल्ह्यासारख्या तांबूस छटेपर्यंतचे सगळे कुत्रे ‘पिवळा’ याच नावाखाली नोंदले जातात. आपल्याकडे ज्याला ‘गोल्डन’ म्हणून विकतात, तो साधा पिवळा लॅब्राडॉर असतो. ‘व्हाइट लॅब्राडॉर’ म्हणून जास्त दाम घेऊन विकतात, तोही फिकट पिवळाच. गोल्डन रिट्रीव्हर ही जात मात्र अगदी वेगळी. तिचे केस लांब असतात, शेपटीला आणि पायांना झालर असते आणि रोजच्या विंचरण्याचं काम वाढतं. नावातल्या गोंधळामुळे लॅब्राडॉर घ्यायला गेलेले लोक रिट्रीव्हर घेऊन येतात, आणि मग उन्हाळ्यात त्या केसांचं करायचं काय, असा प्रश्न पडतो.

दुसरा गैरसमज रंग कसा येतो याविषयीचा आहे. आपल्याला वाटतं की रंगपेटीत जसे रंग मिसळतात, तसे आई-वडिलांचे रंग पिल्लात मिसळत असावेत. काळा नर आणि पिवळी मादी असेल तर पिल्लं मधल्याच कुठल्यातरी रंगाची निघतील. प्रत्यक्षात तसं काहीच होत नाही. आणि काळ्या जोडीला पिवळं पिल्लू झालं, की सोसायटीतले जाणकार लगेच त्या बिचाऱ्या आईवर संशय घ्यायला मोकळे होतात.

हे समजून घ्यायला आपल्या इमारतीच्या पाण्याचं उदाहरण घेऊ. गच्चीवर टाकी आहे आणि घरात नळ आहे. लॅब्राडॉरच्या शरीरात रंगाच्या बाबतीत मुख्यतः जनुकांच्या दोन जोड्या काम करतात. पहिली जोडी ठरवते की टाकीत काळा रंग भरायचा की चॉकलेटी. दुसरी जोडी ठरवते की केसांकडे जाणारा नळ उघडा ठेवायचा की बंद. नळ उघडा असेल तर टाकीतला रंग केसांत उतरतो आणि कुत्रा काळा किंवा चॉकलेटी दिसतो. नळ बंद असेल तर टाकीत काहीही असो, केसांत फक्त फिकट पिवळं रंगद्रव्य राहतं आणि कुत्रा पिवळा दिसतो. नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा यांची जोडणी मात्र निराळी असते. तिथे टाकीतला रंग पोहोचतोच. म्हणून पिवळ्या लॅब्राडॉरचं नाक काळं असतं. टाकी चॉकलेटी असेल तर त्याच पिवळ्या कुत्र्याचं नाक तपकिरी किंवा गुलाबीसर असतं. असं नाक प्रदर्शनात दोष धरतात, पण तो आजार नव्हे.

आता प्रत्येक पिल्लाला या दोन्ही जोड्यांतला एकेक भाग आईकडून आणि एकेक बापाकडून मिळतो. नळ बंद व्हायला दोघांकडूनही ‘बंद’ यावं लागतं. एकाकडून जरी ‘उघडा’ आला तरी नळ उघडाच राहतो. टाकी चॉकलेटी व्हायलाही दोघांकडून ‘चॉकलेटी’ यावं लागतं. याचा अर्थ असा, की काळा दिसणारा कुत्रा आपल्या पोटात पिवळा आणि चॉकलेटी हे दोन्ही रंग लपवून वावरत असू शकतो. अशा दोन काळ्या कुत्र्यांची जोडी लावली तर एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात. हिशेब सोळाचा आहे. सरासरीने सोळांत नऊ काळी, तीन चॉकलेटी आणि चार पिवळी. त्यात आईचा काही दोष नाही आणि बापही एकच आहे.

उलट काही गोष्टी घडू शकत नाहीत, आणि त्या ग्राहकाने लक्षात ठेवाव्यात. दोन पिवळ्या लॅब्राडॉरना पिवळीच पिल्लं होतात. दोन चॉकलेटींना चॉकलेटी किंवा पिवळी होतात, काळी होत नाहीत. तेव्हा विक्रेत्याने पिवळी आई आणि पिवळा बाप दाखवून काळं पिल्लू हातात दिलं, तर दाखवलेल्यांपैकी कुणीतरी एक त्याचं खरं आई-बाप नाही, हे खुशाल समजावं. आणि गंमत पाहा, एक पिवळा आणि एक चॉकलेटी कुत्रा एकत्र आले तर सगळीच्या सगळी पिल्लं काळी निघू शकतात. पिवळ्याच्या टाकीत काळा रंग असतो, चॉकलेटीचा नळ उघडा असतो, आणि पिल्लाला दोन्ही मिळतं.

रंगांची ही आवडनिवड कायमची नसते, हेही सांगायला हवं. लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या बरोबर काम करत. जाळ्यातून निसटलेले मासे आणि पाण्यात पडलेले दोर ते पोहत जाऊन आणत. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांवरून इंग्लंडात आले आणि तिथल्या जमीनदार घराण्यांनी त्यांना शिकारीतले पक्षी उचलून आणायला वापरलं. त्या लोकांना काळाच कुत्रा हवा असे. वेतात पिवळं किंवा चॉकलेटी पिल्लू निघालं, तर ते बाजूला काढत, पुष्कळदा मारूनही टाकत. १८९९ साली जन्मलेला ‘बेन ऑफ हाइड’ हा नोंद असलेला पहिला पिवळा लॅब्राडॉर मानला जातो. त्याचे आई-बाप दोघंही काळे होते. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये या जातीला मान्यता दिली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे पिवळं पिल्लू नकोसं होतं, आणि आज आपल्याकडे वेतातलं काळं पिल्लू शेवटपर्यंत शिल्लक राहतं. कुत्रा तोच आहे. बदलली ती माणसाची आवड.

छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याचंही असंच आहे. ‘ठिपका आहे, म्हणजे भेसळ आहे,’ असं ठामपणे सांगितलं जातं. न्यूफाउंडलंडच्या त्या मूळ कुत्र्यांच्या छातीवर आणि पायांवर पांढरं असायचं, आणि तो वारसा आजही मधूनच डोकं वर काढतो. छातीवर छोटा पांढरा ठिपका प्रमाणकालाही चालतो. १९१५ साली जन्मलेल्या ‘बँचरी बोलो’ या नामांकित काळ्या लॅब्राडॉरच्या वंशात पावलांच्या खालच्या बाजूला पांढरे केस येत. जाणकार त्याला आजही बोलोचीच खूण म्हणून ओळखतात.

आता काळ्या रंगाकडे वळू. काळं पिल्लू नाकारण्यामागे आपल्याकडे तीन कारणं सांगितली जातात. ते अशुभ, ते रागीट आणि त्याला उन्हाळा सोसत नाही.

अशुभाचं पाहू. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री आहेत. खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. काळभैरवाचं तर तो वाहनच. शनिवारी काळ्या कुत्र्याला शोधून तेल लावलेली पोळी घालणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. कुणाच्या श्रद्धेविषयी मला बोलायचं नाही. पण ज्याला रस्त्यावर पोळी घातली की पुण्य लागतं, तोच घरात आला की अशुभ कसा होतो, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. याची दुसरी बाजूही आहे. कुणीतरी उपाय म्हणून काळा कुत्रा पाळायला सांगतं आणि लोक काळं पिल्लू घेऊन येतात. साडेसाती संपते, निदान संपली असं वाटतं, पण लॅब्राडॉर दहा-बारा वर्षं जगतो. उपाय म्हणून आणलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं, ते प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेत विचारून पाहा.

रागीटपणाचं म्हणाल, तर काळा रंग चेहऱ्यावरचे भाव लपवतो, एवढंच खरं. पिवळ्या कुत्र्याच्या भुवया, ओठ आणि डोळे लांबून दिसतात. काळ्याच्या चेहऱ्यावर अंधुक उजेडात फक्त दात दिसतात, आणि जिन्यात समोरून आलेला माणूस दचकतो. कुत्रा मात्र तितकाच मवाळ असतो. स्वभाव घडतो तो आई-बापांच्या स्वभावातून, पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत कोणकोणत्या माणसांत आणि आवाजांत वाढलं त्यातून, आणि पुढे तुम्ही त्याला किती वेळ देता त्यातून. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मालकांना प्रश्नावली देऊन लॅब्राडॉरच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यात चॉकलेटी कुत्री काळ्यांपेक्षा थोडी अधिक उतावीळ आणि शिकवायला थोडी कमी सोपी असल्याचं मालकांनी नोंदवलं होतं. म्हणजे आपण ज्याला रागीट म्हणून टाळतो, तो काळाच तिथे शिकाऊ ठरला. अर्थात ही सरासरी झाली. तुमच्या घरातला कुत्रा सरासरी नसतो.

कामाच्या कुत्र्याचं उदाहरण तर आपल्या मुंबईतच आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘जंजीर’ने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. त्याशिवाय हातबाँब आणि डिटोनेटर सापडले ते वेगळे. किती माणसांचे प्राण वाचले, याची मोजदाद कुणी करू शकणार नाही. तो लॅब्राडॉर होता. २००० च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला, तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या जंजीरचं छायाचित्र अजून लोकांच्या लक्षात आहे. त्याचा रंग फिकट पिवळा होता. पण आरडीएक्सचा वास घेणारं नाक आणि हाताळणाऱ्या हवालदारावरचा विश्वास यांचा केसांच्या रंगाशी काय संबंध?

तिसरं कारण उन्हाचं. काळं कापड उन्हात जास्त तापतं, हे आपण शाळेत शिकलो. काळ्या कुत्र्याच्या पाठीवर उन्हात हात ठेवला तर केस गरम लागतात, हेही खरं. पण केस तापले म्हणजे शरीर आतून तेवढं तापलं, असं होत नाही. अमेरिकेत काळ्या आणि पिवळ्या लॅब्राडॉरना उन्हात ठेवून त्यांचं आतलं तापमान मोजण्यात आलं, तेव्हा रंगामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. लॅब्राडॉरला केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. ते थर थंडीसारखंच उन्हालाही अडवतात. म्हणून उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने उतरवण्याचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. विंचरून आतले सुटलेले केस काढा, तेवढं पुरतं.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरची ओल उडवतो आणि अंग थंड ठेवतो. खाडीकाठच्या दमट हवेत ती ओल लवकर उडत नाही. त्यात वजन जास्त असेल आणि दुपारी बाराच्या उन्हात डांबरी रस्त्यावर फिरवलं, तर पिवळ्या कुत्र्यालाही उष्माघात होतो. एप्रिल-मे महिन्यांत फिरायला नेण्याआधी आपला तळहात रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला सोसवलं नाही, तर त्याच्या पावलांनाही सोसवणार नाही.

रंगामुळे पडणारा एक खरा फरक मात्र सांगतो. गोचीड! पिवळ्या अंगावर गोचीड चटकन दिसतो, काळ्या आणि चॉकलेटी अंगावर तो बोटांनी चाचपून शोधावा लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या भागात गोचिडापासून होणारा ताप पुष्कळ दिसतो, आणि उशीर झाला तर तो जिवावर बेततो. तेव्हा काळा लॅब्राडॉर असेल तर रोज संध्याकाळी कानांच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवायची सवय लावून घ्या. दुसरा फरक सोफ्याचा. पिवळे केस गडद सोफ्यावर दिसतात, काळे केस पांढऱ्या लेंग्यावर. गळतात मात्र सारखेच.

पिवळ्या कुत्र्याच्या नाकाविषयीही दोन शब्द. एक कुटुंब दीड वर्षाचा पिवळा लॅब्राडॉर घेऊन माझ्याकडे आलं होतं. त्याचं काळं नाक मधोमध गुलाबी पडू लागलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, की हे मिश्र जातीचं पिल्लू तुमच्या गळ्यात मारलं. आजोबांना कोडाची शंका आली. घरातल्या लहान मुलीला त्याच्याजवळ जाऊ देणं बंद झालं, आणि कुत्र्याला गावी पाठवायचं जवळजवळ ठरलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पिवळ्या लॅब्राडॉरमध्ये वयानुसार आणि ऋतूनुसार नाकाचा काळेपणा कमी-जास्त होतो. नाकावर जखम, खपली किंवा सूज असेल तर जरूर दाखवा. नुसता रंग उतरला असेल तर निश्चिंत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे चॉकलेटी रंगाविषयी. हा रंग दुर्मीळ, म्हणून उंची, म्हणून जास्त चांगला, अशी एक समजूत आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काळ्या आणि पिवळ्या लॅब्राडॉरचं मध्यम आयुर्मान १२.१ वर्षं, तर चॉकलेटींचं १०.७ वर्षं निघालं. कानाच्या दाहाचं प्रमाण काळ्यांत १२.८ टक्के, पिवळ्यांत १७ टक्के आणि चॉकलेटींत २३.४ टक्के होतं. सतत चाटून-खाजवून होणाऱ्या ओल्या जखमांचं प्रमाण काळ्यांत १.१, तर चॉकलेटींत ४ टक्के होतं.

हे ऐकून ज्यांच्या घरी चॉकलेटी लॅब्राडॉर आहे त्यांनी घाबरू नये. रंगद्रव्य विषारी नसतं. संशोधकांनी सुचवलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. चॉकलेटी पिल्लं हवी असतील तर आई आणि बाप दोघांकडूनही तो रंग यावा लागतो, हे आपण मघाशी पाहिलं. मग ब्रीडर चॉकलेटी कुत्र्यांच्याच जोड्या लावतो. असे कुत्रे मुळात कमी, म्हणून पुन्हा पुन्हा त्याच त्या घराण्यांत, कधी अगदी जवळच्या नात्यात संबंध घडवले जातात. रंगाबरोबर कानांचे आणि कातडीचे दोषही पिढ्यान् पिढ्या पुढे येत राहतात. रंगाला मागणी आपण करतो, जोड्या ब्रीडर लावतो आणि कान कुत्र्याचे वाहतात.

हाच धडा ‘सिल्व्हर’, ‘चारकोल’, ‘शॅम्पेन’ अशा नव्या नावांना लागू होतो. रंग पातळ करणाऱ्या आणखी एका जनुकामुळे या छटा येतात. प्रमाणकात त्यांना जागा नाही, आणि असे पातळ रंग असलेल्या काही कुत्र्यांचे केस पुढे गळतात, कातडी खराब होते. ‘दुर्मीळ’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, आणि नंतर औषधांसाठी पुन्हा मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

मग आयुष्य वाढतं कशाने? तेही मोजलं गेलं आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या करून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा एक चतुर्थांश कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, तर जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. म्हणजे काळा की चॉकलेटी या फरकापेक्षा, वाडग्यात किती घालता याचा फरक मोठा ठरला. लॅब्राडॉर सतत भुकेला का असतो, याचंही एक कारण २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शोधलं. तपासलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव मेंदूला देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच नव्हता. तेव्हा तो तुमच्या पोळीकडे केविलवाणं पाहतो, ते उपाशी आहे म्हणून नव्हे. बिस्किटं, फरसाण, उरलेला भात हे प्रेम त्याच्या सांध्यांना महाग पडतं. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, हे माप लक्षात ठेवा.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा काय विचारायचं, ते सांगून थांबतो. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा. ती कुठे राहते, कशी दिसते, माणसं जवळ आल्यावर कशी वागते, यातून पिल्लाविषयी बरंच कळतं. आई दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर परत फिरा. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, डोळे तपासलेत का, हे विचारा. लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक असतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद असतील तर वंशावळ कळते, पण कागद म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांचं प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, दीड वर्षाच्या आतल्या मादीला वीण करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिनाभराचं पिल्लू टोपलीत घालून कुणी देत असेल, तर ते आईपासून लवकर तोडलेलं आहे. ते घेऊन आपण त्याच्यावर दया करत नाही. त्याच्या आईच्या पुढच्या विणीचे पैसे भरतो.

हे सगळं विचारून झालं, उत्तरं समाधानकारक मिळाली, आणि मग त्या वेतात तीन रंगांची पिल्लं असली, तर खुशाल आवडीचा रंग निवडा. आवड असण्यात गैर काही नाही. आणि तिथे एखादं काळं पिल्लू शिल्लक राहिलेलं दिसलं, अंगापिंडाने चांगलं, कान स्वच्छ, डोळ्यांत चमक आणि बोलावल्यावर धडपडत तुमच्याकडे येणारं, तर केवळ रंगासाठी त्याला मागे ठेवू नका. पुढची दहा-बारा वर्षं तुम्ही घरी आल्यावर दारात तोच उभा असणार आहे.